अमाप आणि अमापित : पर्वतीय खोऱ्यांतील पूरानुमानाची प्रमाणचिकित्सा

नदीला पूर किती आला, या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकारांनी देता येते. जेथे मापनकेंद्र आहे तेथे पाण्याची उंची व वेग मोजून. आणि जेथे ते नाही तेथे अनुमान करून. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील बहुसंख्य ओढे, वहाळ व लहान नद्या दुसऱ्या वर्गात मोडतात. पुलाची कमान किती रुंद असावी, धरणाच्या सांडव्यातून किती पाणी निघावे, नदीकाठी घर बांधण्यास कोठवर परवानगी द्यावी, हे सर्व निर्णय तेथे अनुमानावरच घ्यावे लागतात. हे अनुमान करणाऱ्या शास्त्राचे वाङ्मय गेल्या पावणेदोनशे वर्षांत विपुल झाले आहे. त्यातील गणित तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. ते काम अभियंत्यांचे आहे. परंतु या वाङ्मयातील विधाने कोणत्या प्रमाणावर उभी राहतात, ती भाषेत कशी मांडली जातात आणि मांडताना त्यांतून काय गळून पडते, हा प्रश्न मात्र भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतो. त्या मर्यादेत ही चिकित्सा केली आहे.

आरंभी एका शब्दाचा विचार करू. मापनकेंद्र नसलेल्या खोऱ्यास अलीकडे ‘अमापित खोरे’ म्हणण्याचा प्रघात पडत आहे. मराठीत ‘अमाप’ हा शब्द पूर्वापार आहे. पण त्याचा रूढ अर्थ ‘न मोजलेले’ असा नसून ‘मोजता येणार नाही इतके विपुल’ असा आहे. पाऊस अमाप पडला, पीक अमाप आले, असे आपण म्हणतो. ‘अमाप’ हा वस्तूचा गुण आहे, तर ‘अमापित’ ही आपल्या ज्ञानाची स्थिती आहे. या दोन अर्थांची गल्लत पूरानुमानात वारंवार होते. पूर ओसरल्यावर ‘न भूतो’ असे उद्गार निघतात, तेव्हा पूर अमाप होता असे सांगितले जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा तो केवळ अमापित असतो. ज्या नदीचे मोजमापच कोणी ठेवले नाही, तिच्या संबंधाने ‘पूर्वी कधी न झालेले’ हे विधान सिद्धही होत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. ते विधान नसून उद्गार आहे.

आता प्रमाणांकडे वळू. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत : पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात यांची जी उदाहरणे दिली आहेत, ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विलक्षण आहेत. मेघ दाटून आलेले पाहून वृष्टी होईल असे अनुमान करणे हे पूर्ववत्, म्हणजे कारणावरून कार्याचे. आणि नदी भरून वेगाने वाहत आहे हे पाहून वर पाऊस झाला असावा असे अनुमान करणे हे शेषवत्, म्हणजे कार्यावरून कारणाचे. भारतीय तर्कशास्त्राने पावसाचा आणि पुराचा संबंध अनुमानाच्या व्याख्येतच गोवलेला आहे. एवढेच नव्हे, तर दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्षाकडून अनुमानाच्या प्रामाण्यावर आक्षेप घेतला आहे, तोही याच उदाहरणावर. नदी भरलेली दिसते ती पाण्यास कोठे रोध झाल्यामुळेही असू शकेल. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणून पाऊस येईल असे म्हणावे, तर त्या वारुळास उपघात झाल्यामुळेही निघाल्या असतील. मोर ओरडला म्हणावे, तर मनुष्याने केलेल्या आवाजाचे ते सादृश्यही असेल. रोध, उपघात आणि सादृश्य हे तीन दोष आजच्या पूरानुमानाच्या वाङ्मयाची परीक्षा करण्यास पुरेसे आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम पूर्ववत् अनुमान, म्हणजे पावसावरून पुराचे. याचे सर्वांत जुने व आजही सर्वाधिक वापरात असलेले सूत्र आयरिश अभियंता मल्व्हेनी याने १८५१ साली मांडलेल्या विचारातून आले. क्षेत्रफळ, पावसाची तीव्रता आणि एक गुणक यांचा गुणाकार म्हणजे कमाल प्रवाह, असे त्याचे स्वरूप. या सूत्रात पावसाची जी तीव्रता घ्यावयाची, ती खोऱ्याच्या सर्वांत दूरच्या टोकावरून पाणी मुखापर्यंत येण्यास लागणाऱ्या काळातली. त्यास संकेंद्रण-काल म्हणतात. दहा किलोमीटर लांबीच्या आणि सहाशे मीटर उताराच्या ओढ्यास किर्पिच याचे १९४० चे सूत्र लावले, तर हा काळ सुमारे सत्तर मिनिटे येतो. घाटाखालच्या माणसास पाणी अंगावर येण्यापूर्वी मिळणारी सवड एवढीच. शिवाय ते सूत्र अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील अगदी लहान शेतजमिनींच्या पाणलोटांवरून बसविलेले आहे, हे विसरता येत नाही.

याच्या शेजारी आपली पावसाची भाषा ठेवून पाहावी. महाराष्ट्राच्या महसुली व्यवहारात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे ‘अतिवृष्टी’ होते. मराठवाड्यातील कोरडवाहू शिवारास हा शब्द शोभतो. महाबळेश्वरास जुलै महिन्यात असा दिवस नित्याचाच. तेथे २२ जुलै २०२१ च्या सुमारास चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली; तीही अतिवृष्टीच. नऊपट अंतर एका शब्दात सामावते. नुकसानभरपाईच्या कामी तो उपयोगी असेल. पूरानुमानाच्या कामी तो मुका आहे.

त्याहून गंभीर उणीव ‘चोवीस तास’ या शब्दांत आहे. चाळीस चौरस किलोमीटरांचे एक खोरे घ्या आणि पडलेल्या पाण्यापैकी आठ दशांश पाणी वाहून जाते असे माना. दोनशे मिलिमीटर पाऊस चोवीस तास सारखा पडला, तर वरील सूत्राने सुमारे ७४ घनमीटर प्रति सेकंद प्रवाह येतो. तोच पाऊस चार तासांत पडला, तर सुमारे ४४५. दैनिक नोंदवहीत दोन्ही दिवसांपुढे एकच आकडा लिहिला जाईल. ओढ्यात मात्र सहापट अंतर पडेल. ज्या ओढ्याचा संकेंद्रण-काल तास-सव्वातास आहे, त्याच्याविषयी दिवसाच्या बेरजेवरून बोलणे म्हणजे काळाचे भान नसलेल्या क्रियापदाने वाक्य रचणे होय.

काळाप्रमाणे स्थळाचीही गोष्ट आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर त्याच शहराच्या कुलाबा येथील वेधशाळेत ७५ मिलिमीटरांहूनही कमी. मिठी नदीच्या पुराचे अनुमान कुलाब्याच्या आकड्यावरून कोणी केले असते, तर त्या दिवशी पूर आलाच नाही असे सिद्ध झाले असते. डोंगराळ मुलखात ही विषमता अधिकच तीव्र होते. उपग्रहांवरून मिळणारी पर्जन्यमाने आज अर्ध्या तासाच्या अंतराने उपलब्ध आहेत ही मोठीच सोय आहे. परंतु त्यांतील प्रचलित मालिकेचा एक चौकोन सुमारे अकरा किलोमीटर बाजूचा, म्हणजे शंभर चौरस किलोमीटरांहून मोठा असतो. आपले चाळीस चौरस किलोमीटरांचे खोरे त्यात अर्धे चौकटही व्यापत नाही. शिवाय सह्याद्रीचा पाऊस बराचसा उथळ ढगांतून पडतो, आणि असा पाऊस उपग्रहाच्या नजरेत कमी भरतो.

उरला तो गुणक. सूत्रात तो एका अक्षराने लिहिला जातो आणि पुस्तकांत त्याचे कोष्टक असते : खडकाळ जमिनीस इतका, रानास इतका. येथे ‘उपघात’ हा दोष शिरतो. खूण तीच राहते, पण तिच्या मागचे कारण बदलते. मृगाच्या पहिल्या सरीत तहानलेला जांभा जे पाणी पोटात घेतो, ते पुष्याच्या पावसात घेत नाही. तोवर जमीन तुडुंब झालेली असते. डोंगर पोखरून रस्ता काढला, मोऱ्या अरुंद घातल्या, सड्यावरची माती खरवडून नेली, की कोष्टकातील शब्द तेच राहूनही गुणक बदलतो. ‘स्थिरांक’ हे नाव दिल्याने एखादी गोष्ट स्थिर होत नाही.

आता शेषवत् अनुमान. पूर ओसरल्यावर झाडांच्या बुंध्यांवर, भिंतींवर, देवळाच्या पायऱ्यांवर राहिलेल्या खुणा पाहून पाणी किती वाहिले असेल ते काढणे, ही पद्धत अमापित खोऱ्यांत फार मोलाची आहे. खुणेवरून पाण्याची खोली मिळते. नदीच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ मिळते. आणि उतार व पात्राचा खडबडीतपणा यांवरून मॅनिंगच्या सूत्राने वेग मिळतो. या सूत्रात वेग खडबडीतपणाच्या गुणकाशी व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे धोंड्यांनी भरलेल्या पात्रास ०.०७० च्या ऐवजी सपाटीवरच्या नदीचा ०.०३५ हा गुणक लावला, की प्रवाह एकदम दुप्पट येतो. पर्वतीय ओढ्यांच्या बाबतीत पुराचे आकडे फुगण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. फुगलेला आकडा सुरक्षित असतो असे वाटणे साहजिक आहे. परंतु तोच आकडा पुढे प्रादेशिक सूत्रात जाऊन बसतो आणि एका ठिकाणची अतिशयोक्ती सर्व प्रदेशाचा नियम होते.

याहून मूलगामी आक्षेप पूर्वपक्षाने घेतलेल्या ‘रोधा’चा आहे. पाण्याची उंची आणि पाण्याचा प्रवाह या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुलाच्या कमानीत ओंडके अडकले, कोसळलेल्या दरडीने पात्र तुंबले, किंवा खाली खाडीस भरती आली, तर प्रवाह न वाढताही पाणी चढते. महाड व चिपळूण ही गावे अशाच जागी वसली आहेत, की जेथे वरून घाटाचे पाणी उतरते आणि खालून खाडीची भरती जाणवते. तेथील भिंतीवरची खूण ही एका कारणाची खूण नव्हे. ती पाहून केवळ पावसाचे किंवा केवळ प्रवाहाचे अनुमान करणे म्हणजे दोन कर्त्यांच्या वाक्यातील एक कर्ता पुसून टाकणे होय. उलटपक्षी, दरडीने तुंबलेले पाणी अडथळा फोडून सुटले, तर झालेला प्रवाह त्या पावसाच्या मानाने कितीतरी मोठा असतो. दोन्ही वेळा पाऊस आणि पूर यांचा नियत संबंध तुटतो. दोष नदीचा नसून, तो संबंध न तपासता गृहीत धरणाऱ्या अनुमानाचा असतो.

भाष्यकाराने या आक्षेपाला दिलेले उत्तर आजच्या क्षेत्राभ्यासकानेही लक्षात ठेवावे असे आहे. केवळ नदी भरलेली दिसणे हा हेतू नव्हे; पाण्यास आलेला वेग, त्यावरचा फेस, त्याबरोबर वाहून येणारी फळे, पाने व लाकडे यांनी युक्त असे विशिष्ट भरलेपण हा हेतू होय. म्हणजे खूण एकटी वाचावयाची नाही. तिच्या परिवारासह वाचावयाची. पूर येऊन गेलेल्या गावी जाऊन ‘पाणी कोठवर आले होते?’ एवढाच प्रश्न विचारणारा अभ्यासक अर्धेच वाक्य लिहून परततो. पाणी धावत होते की साचले होते, किती वेळात चढले, उतरण्यास किती लागला, बरोबर काय वाहून आले, चढण्यापूर्वी ओढा अचानक आटला होता काय, हे प्रश्न त्यास विचारता आले पाहिजेत. येथे चौथे प्रमाण, म्हणजे आप्तवाक्य, उपयोगी पडते. गावातील वृद्धांची स्मृती प्रवाहाचा आकडा सांगू शकत नाही. परंतु रोध होता की नव्हता, हे ती पुष्कळदा सांगू शकते.

तिसरा प्रकार सामान्यतोदृष्टाचा. हा शब्द येथे थोड्या सैल अर्थाने, इतर ठिकाणी दिसलेला नियम न पाहिलेल्या ठिकाणी लावणे या अर्थाने घेतला आहे. उपमानाशी त्याचे जवळचे नाते आहे. १८६५ साली डिकन्स याने उत्तर हिंदुस्थानासाठी, १८८४ साली राइव्हज याने मद्रासेकडील नद्यांसाठी, आणि पुढे पुण्याजवळील खडकवासल्याच्या संशोधन केंद्राशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे त्या क्लॉड इंग्लिस यांनी तत्कालीन मुंबई इलाख्यातील पंख्याच्या आकाराच्या खोऱ्यांसाठी सूत्रे दिली. शंभर चौरस किलोमीटरांच्या खोऱ्यास डिकन्सचे सूत्र लावताना प्रदेशपरत्वे गुणक ११ घेतला तर सुमारे ३४८ घनमीटर प्रति सेकंद येतात. २८ घेतला तर ८८५. इंग्लिसच्या सूत्राने ११८० येतात. एकाच प्रश्नाला ही तीन उत्तरे आहेत, आणि सर्वांत मोठे हे सर्वांत लहानाच्या तिपटीहून अधिक आहे.

या सूत्रांचे व्याकरण पाहिले, की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. त्यांत पाऊस हे पदच नाही. क्षेत्रफळ एवढेच एक नाम आहे. बाकी सर्व आशय गुणकात अध्याहृत आहे. इंग्लिसचे ११८० घनमीटर पावसाच्या भाषेत आणले, तर संपूर्ण खोऱ्यावरून ताशी सुमारे ४२ मिलिमीटर पाणी निघून जात आहे, असा त्याचा अर्थ होतो. दहा चौरस किलोमीटरांच्या खोऱ्यास तेच सूत्र ताशी सुमारे ९९ मिलिमीटर सांगते. हजार चौरस किलोमीटरांस १४. लहान खोऱ्यावर मुसळधार सर एकाच वेळी सर्वत्र कोसळू शकते, मोठ्यावर नाही, हे ज्ञान सूत्रात आहे. पण ते बोलून दाखविलेले नाही. म्हणून ते सूत्र दुसऱ्या प्रदेशात नेताना आपण काय नेत आहोत, हे नेणाऱ्यास कळत नाही.

इंग्लिस यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की प्रदेशभेदाची जाण त्यांच्या कार्यात स्पष्ट आहे. त्यांनी व डिसूझा यांनी १९२९ साली पश्चिम हिंदुस्थानातील ५३ मापनस्थळांच्या आधारे वार्षिक वाहत्या पाण्याची सूत्रे दिली, ती एक नव्हे, दोन : घाटासाठी वेगळे, दख्खनच्या पठारासाठी वेगळे. पाचशे सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या घाटात पहिल्या सूत्राने जवळजवळ चार पंचमांश पाणी वाहून जाते. सत्तर सेंटिमीटरांच्या पठारावर दुसऱ्याने जेमतेम एक पंचमांश. महाबळेश्वरच्या एकाच डोंगरमाथ्यावरून कृष्णा पूर्वेस निघते आणि सावित्री पश्चिमेस कोसळते. उगमापाशी या दोघी शेजारणी आहेत. परंतु वाईपर्यंत येता येता कृष्णेच्या खोऱ्यातील पाऊस मूळच्या लहानशा अंशावर येतो, आणि सावित्री मात्र थोड्या अंतरात कडा उतरून कोकणात येते. मोजलेल्या शेजारच्या खोऱ्यावरून न मोजलेल्याचे अनुमान करताना ‘शेजार’ म्हणजे ‘सादृश्य’ नव्हे, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. मोराचा आवाज आणि मोरासारखा आवाज यांतला हा भेद आहे.

आंतरराष्ट्रीय जलविज्ञान संघटनेने २००३ ते २०१२ हे दशक अमापित खोऱ्यांच्या प्रश्नास वाहिले, आणि २०१३ साली ब्लॉश्ल, शिवपालन व सहकाऱ्यांनी संपादिलेल्या ग्रंथात त्या कार्याचा समारोप झाला. दमट प्रदेशांत अनुमान शुष्क प्रदेशांपेक्षा बरे साधते आणि मोठ्या खोऱ्यांत लहानांपेक्षा बरे, असा त्यातील एक निष्कर्ष आहे. पहिला निष्कर्ष सह्याद्रीस धीर देणारा, दुसरा सावध करणारा. आपल्याकडेही खोसला समितीने १९५९ साली जुन्या सूत्रांवर विसंबणे पुरे नाही असे सुचविल्यानंतर देशाचे २६ जलवायवीय उपविभाग पाडून प्रत्येकासाठी वेगळी रीत बसविण्यात आली. त्या रीतीत पाऊस हे पद परत आले, हा तिचा मोठा गुण. तथापि कोकणपट्टीस एका उपविभागात घातल्याने खाडीकाठचा सपाट भाग व कड्याखालची घळ एकाच वाक्यात बोलू लागतात, ही अडचण उरतेच.

शेवटी अनुमानाचे फळ लोकांपर्यंत ज्या शब्दांनी पोहोचते, त्यांचा विचार. ‘शंभर वर्षांचा पूर’ हा शब्दप्रयोग आता वृत्तपत्रांतही रुळला आहे. येथील षष्ठी विभक्ती फसवी आहे. ऐकणाऱ्यास वाटते, की हा पूर शंभर वर्षांनी एकदा येतो. गेल्या वर्षी येऊन गेला, म्हणजे आता नातवंडांपर्यंत निर्धास्त. शास्त्राचा आशय एवढाच आहे, की कोणत्याही एका वर्षी असा किंवा याहून मोठा पूर येण्याची संभाव्यता शंभरात एक आहे. तीस वर्षे ज्या घरात राहावयाचे, त्या घराच्या बाबतीत ही संभाव्यता शंभरात सव्वीस होते. महाराष्ट्रात नदीकाठी आखली जाणारी निळी रेषा सामान्यतः पंचवीस वर्षांच्या व लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची असते. निळ्या रेषेपर्यंतचा पूर पंचवीस वर्षांत एकदा तरी येण्याची संभाव्यता शंभरात चौसष्ट आहे. हे आकडे रेषेवर लिहिलेले नसतात. रंग तेवढा असतो. आणि त्यातही अमापित नदीच्या काठी काढलेली रेषा ही अनुमानावर रचलेल्या अनुमानाची रेषा असते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिपर्जन्याच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. ज्या भूतकाळावरून ‘शंभर वर्षे’ मोजली, तो भूतकाळही आता पूर्वीसारखा साक्षीदार राहिलेला नाही.

यावर अभियंता म्हणेल, की मला पूल बांधावयाचा आहे. मला एक आकडा हवा. त्याचे म्हणणे रास्त आहे. चिकित्सेचा हेतू आकडा नाकारणे हा नसून, आकड्याने आपले वाक्य पूर्ण करावे, हा आहे. अमापित खोऱ्याविषयीच्या प्रत्येक अहवालात चार गोष्टी मराठीत, स्पष्ट शब्दांत असाव्यात. अनुमान पावसावरून केले, खुणेवरून केले की सादृश्यावरून, हे एक. दोन स्वतंत्र मार्गांनी केलेल्या अनुमानांत अंतर किती, म्हणजे ‘इतके ते इतके’ ही मर्यादा, हे दुसरे. रोधाचा विचार केला काय आणि उंची व प्रवाह वेगळे ठेवले काय, हे तिसरे. आणि ज्या खोऱ्यावरून उपमा घेतली, ते कोणत्या गुणांनी सदृश आहे व कोणत्या गुणांनी नाही, हे चौथे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई–गोवा महामार्गावरील सावित्रीचा जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्यांसह काही वाहने पाण्यात गेली. त्या रात्री गाडीत बसलेल्यांपैकी कोणासही विसर्ग, गुणक अथवा पुनरावर्तन-काल हे शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पूल उभा आहे, म्हणजे तो जाण्याजोगा आहे, एवढेच अनुमान त्यांनी केले होते, आणि तसे करण्याचा त्यांना अधिकार होता. नदीचे अनुमान करणाऱ्या शास्त्रावर जबाबदारी येते ती येथे. आपल्या ज्ञानाची सीमा कोठे आहे, हे ज्या भाषेत सांगितले जात नाही, त्या भाषेवर विसंबून दुसराच कोणी नदी ओलांडत असतो.